दरांची कसोटी आणि बारदेशचें मीठ

जागतिकीकरण हा शब्द मराठींत रूढ झाला तो १९९१ नंतर. परंतु ज्या गोष्टीस हें नांव दिलें जातें तिचा आरंभ केव्हांचा, हा वाद इतिहासकारांचा आहे. कोणी तो १४९८ सालीं वास्को द गामा कालिकतास पोंचला तेथपासून धरतात. डेनिस फ्लिन व आर्तुरो हिराल्देझ यांनीं १९९५ सालीं १५७१ हें वर्ष पुढें केलें. कारण त्या वर्षीं स्पॅनिश लोकांनीं मनिला शहर वसविलें व अमेरिकेंतील रुपें पॅसिफिक ओलांडून थेट आशियांत येण्याचा मार्ग खुला झाला. या दोन्ही पक्षांस केव्हिन ओ'रूर्क व जेफ्री विल्यमसन यांनीं २००२ सालच्या आपल्या निबंधांत उत्तर दिलें. त्या निबंधास वीस वर्षांवर काळ लोटला, तरी त्यांतील कसोटीचा आधार अद्याप घेतला जातो. म्हणून तिची तपासणी करणें अवश्य वाटतें.

लेखकांचें म्हणणें थोडक्यांत असें. जहाजें किती गेलीं, गोणी किती उतरल्या, यावरून दोन देशांचे बाजार एक झाले असें ठरत नाहीं. एकाच मालाचे दोन ठिकाणचे दर जवळ येऊं लागले, म्हणजे बाजार जोडले गेले असें समजावें. लवंग, मिरें व कॉफी यांचे आग्नेय आशियांतील व ॲम्स्टरडॅम येथील दर ताडून पाहतां सतराव्या व अठराव्या शतकांत त्यांतील तफावत हटलेली दिसत नाहीं; ती घसरली १८२० नंतर. पुढें आगबोटी, तारायंत्र व सुएझचा कालवा (१८६९) यांनीं तर क्रांतीच केली. लिव्हरपूल येथील कापसाचा दर मुंबईच्या दरापेक्षां १८७३ सालीं शेंकडा ५७ नें अधिक होता, तो १९१३ पर्यंत शेंकडा २० नेंच अधिक राहिला. तात्पर्य, १८२० पूर्वीं व्यापार होता, जागतिकीकरण नव्हतें.

या प्रतिपादनाचा मोठा गुण हा कीं, वाटेल त्या देवघेवीस जागतिक म्हणण्याची संवय त्यानें मोडली. धान्याच्या बाबतींत तें आपल्याकडेही खरें ठरतें. रोमन स्टूडर यांनीं २००८ सालीं हिंदुस्थानांतील शहरांचे धान्यदर तपासून असें दाखविलें कीं, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत धान्याचा व्यापार बहुतांशीं स्थानिकच होता. यांत आम्हांस आश्चर्य वाटत नाहीं. बैलाच्या पाठीवरची ज्वारी किती लांब जाणार?

परंतु लवंगेची गोष्ट निराळी. डच कंपनीनें मोलुक्का बेटांतील लवंगेचीं झाडें तोडविलीं, लागवड मुख्यतः अंबोन व लगतच्या बेटांपुरती ठेविली, आणि युरोपांतील दर चढा राखला. लेखकांस हें ठाऊक नाहीं असें नव्हे. मक्तेदारी हा एकीकरणांतील अडसर म्हणून ते तिची गणना करतात. तथापि ॲम्स्टरडॅमचा दर टिकावा म्हणून सहस्रावधि कोसांवरील बेटांत कुऱ्हाड चालत होती, हा त्या दोन ठिकाणांच्या संबंधाचा अभाव म्हणावयाचा, कीं संबंधाचाच पुरावा? उलट पक्षीं रुप्याचें पाहा. सोळाव्या शतकाच्या अखेरीस चीनमध्यें एक तोळा सोन्यास सुमारें सहा तोळे रुपें पडे, युरोपांत सुमारें बारा. फ्लिन व हिराल्देझ यांच्या मतें १६४० च्या सुमारास हें अंतर मिटलें. म्हणजे ज्या मालावर कोणा एकाची मक्तेदारी नव्हती, तो याच कसोटीस १८२० पूर्वींच उतरतो.

दरांतील अंतर बुद्धिपुरस्सर राखलें जातें, याचें घरचें उदाहरण आपणांपाशीं आहे. शिवछत्रपतींचें कुडाळच्या सरसुभेदारास १६७१ सालीं गेलेलें मिठाविषयींचें पत्र वाचकांच्या परिचयाचें असेलच. पोर्तुगीजांच्या बारदेशांतील मीठ स्वस्त, म्हणून उदमी तिकडे वळले व संगमेश्वराकडील खप बसला. तेव्हां बारदेशचें मीठ संगमेश्वरच्या मिठाहून महाग पडेल इतकी जकात बसवावी, अशी त्यांत आज्ञा आहे. मीठ हा कांहीं जगभर फिरणारा माल नव्हे, हें आम्ही विसरत नाहीं. पण नुसते दरांचे आंकडे हातीं येते आणि पत्र नष्ट झालें असतें, तर कसोटीवाल्यांनीं हे दोन बाजार परस्परांस अनोळखी ठरविले असते. जकात बसली ती ओळख फार झाली म्हणून! आज्ञापत्रांतही टोपीकरांस इतर सावकारांसारखें लेखूं नये, त्यांच्या पाठीशीं त्यांचे राजे आहेत, असा इशारा आहे. तो लिहिणारास बाजार व सत्ता यांचें नातें चांगलें उमगलें होतें.

तेव्हां बाजारांचें एकीकरण आणि बाजारांचा संबंध या दोन कल्पना वेगळ्या ठेवाव्या. पहिलीस दर पुरतात. दुसरीस दरामागचा हुकूम लागतो, आणि तो दफ्तरांत असतो. येथें आम्हां संग्राहकांचाच दोष सांगणें प्राप्त आहे. डॉ. वि. द. दिवेकर यांनीं पुणें प्रांतांतील १८०५ ते १८३० या काळांतील दर व मजुरी यांवर ग्रंथ सिद्ध केला (१९८९), त्या वाटेनें जाणारे फार थोडे. आम्हांस शिक्क्याचें पत्र हवें, सनद हवी. एका जुन्या घराण्याच्या माळ्यावर प्रस्तुत लेखकास पत्रें जतन केलेलीं आढळलीं. जमाखर्चाच्या वह्या मात्र वाण्याकडे रद्दींत गेल्या होत्या, कारण आधीं येऊन गेलेल्या एका संशोधकानेंच त्या निरुपयोगी ठरविल्या होत्या.

निरखाचा बंद मिळालाच तर तो रुमालांतून सुटा काढूं नये. खंडी गांवोगांव निराळी. कोणत्या पेठेचें माप, कोणतें चलन, भरणा जकातीसह कीं जकातीवेगळा, हें बहुधा शेजारच्या बंदावर असतें. तो बंद गेला कीं उरलेल्या आंकड्याची तुलना ॲम्स्टरडॅमशीं तर राहोच, शेजारच्या कसब्याशींही करतां येत नाहीं.