ग्रंथालय-परिचय आणि संशोधनाची दीक्षा

पदवीवर्गाच्या विद्यार्थ्यांना वर्षारंभी एक तास ग्रंथालय दाखविण्याची प्रथा अनेक महाविद्यालयांत रूढ आहे. तालिका, संगणकावरील शोध, देवघेवीचे नियम एवढे सांगून तो तास संपतो. ही माहिती निरुपयोगी नव्हे. परंतु ग्रंथ कोठे ठेवला आहे हे कळणे आणि त्यातील विधान कशाच्या आधारावर उभे आहे हे कळणे, या भिन्न गोष्टी होत. रंगनाथनांनी 1940 साली संदर्भसेवेचा विचार मांडताना नवागत वाचकाच्या दीक्षेला स्वतंत्र स्थान दिले होते. आपण तिचा विधी तेवढा राखला आहे.

मराठीचे आद्य वाक्य श्रवणबेळगोळचे, इ. स. 983 चे, हे विधान उत्तरपत्रिकांत हमखास आढळते. हा सन कोठून आला, असे विचारता विद्यार्थी मार्गदर्शिकेकडे बोट दाखवितो. वस्तुतः त्या ओळीत शक कोरलेलाच नाही. गोमटेश्वराची मूर्ती करविणाऱ्या चामुंडरायाच्या नावावरून तो जोडला गेला. जोडीच्या ओळीत बाराव्या शतकातील गंगराजाचे नाव आहे. दोन्ही ओळी एकाच काळी कोरल्या गेल्या असे मानले, की पहिलीही शतकाहून अधिक अलीकडे येते आणि आक्षीचा शके 934 चा, म्हणजे इ. स. 1012 चा, शिलालेख तिच्या आधीचा ठरतो. हा वाद समजण्यासाठी शं. गो. तुळपुळे यांचा ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ (1963) उघडावा लागतो, आणि त्यापूर्वीचे लेखन शोधावे लागते. शं. ग. दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ (1943, 1961) येथे साहाय्य करील. मात्र ती ग्रंथांची सूची आहे, नियतकालिकांतील लेख निराळे धुंडाळावे लागतात. सूची कोठे थांबते हे कळणे, हाही शिक्षणाचाच भाग आहे.

असा एकच सन मागे मागे नेण्याचे काम विद्यार्थ्याला दिले, तर त्याला चार तास लागतील. ते ग्रंथपालावर सोपवून अध्यापकाने मोकळे होणे योग्य नाही. लिपीचा पुरावा कसा तोलावा हे ग्रंथपालाने का सांगावे? गुणही उत्तराला नव्हे, मागोव्याच्या नोंदींना द्यावेत. अभ्यासक्रमात जागा नाही, ही सबब मला पटत नाही. खरी अडचण अन्यत्र आहे: काही ग्रंथालयांत संदर्भदालन आणि जुनी नियतकालिके पदवीवर्गाला अद्याप बंद असतात. ज्या कपाटांजवळ हा तास घ्यावयाचा, त्यांच्या किल्ल्या प्रथम मिळविल्या पाहिजेत.