टॅफेटा : अस्तरातला इतिहास

विसाव्या शतकाच्या मध्यावरील पाश्चात्त्य स्त्रीवेशाविषयीचे बरेचसे लेखन छायाचित्रांच्या आधाराने झाले आहे. त्यामुळे त्यात आकाराची चर्चा भरपूर होते, कापडाची मात्र फारशी होत नाही. १२ फेब्रुवारी १९४७ रोजी ख्रिस्तियन दिओर यांनी पॅरिसमध्ये आपला पहिला वस्त्रसंग्रह सादर केला, तोही आवळलेली कंबर आणि घेरदार स्कर्ट एवढ्यावरच ओळखला जातो. 'हार्पर्स बझार'च्या संपादक कार्मेल स्नो यांच्यामुळे रूढ झालेले 'न्यू लुक' हे नावसुद्धा दिसण्याशीच बांधलेले. माझे म्हणणे असे, की हा वेश समजून घ्यायचा तर त्याचे अस्तर उलटून पाहिले पाहिजे.

टॅफेटाची वीण साधी, एकाआड एक, पण घट्ट. त्यामुळे कापड ताठ राहते, चुणी धरते आणि चालताना सळसळते. नावाचे मूळ फार्सी 'ताफ्ता'. म्हणजे पिळलेले, विणलेले. हे कापड अंगासरशी बसत नाही, स्वतःचा डौल राखते. दिओर यांनी १९५६च्या आत्मचरित्रात नोंदवले आहे, की बहुतेक कापडांना त्यांनी तलम सुती कापडाचे किंवा टॅफेटाचे अस्तर लावले आणि मागे पडलेली जुनी रीत पुन्हा उचलली. छायाचित्रातला तो घेर असा आतल्या कापडाच्या बळावर उभा आहे.

युद्धकाळात कारखान्यांत राबलेल्या स्त्रीला पुन्हा आवळून टाकणारा वेश, हा त्यावरचा आक्षेप मला मान्य आहे. दिओर यांच्यामागे गिरणीमालक मार्सेल बुसाक यांचे भांडवल होते. घेर वाढला की कापडाचा खप वाढणारच. पण एवढ्याने त्या वेशाची ओढ उलगडत नाही. ब्रिटनमध्ये कपड्यांचे रेशनिंग जून १९४१ पासून मार्च १९४९ पर्यंत चालले. कुपने मोजून कपडे घेणाऱ्या बाईला ती सळसळ सुबत्तेची चाहूल वाटली असेल, तर तिला केवळ फसलेली ठरवणे अन्यायाचे होईल.

पुढे अमेरिकेत स्वस्त अ‍ॅसिटेट टॅफेटाने हीच सळसळ शाळकरी मुलींच्या नृत्यसमारंभांपर्यंत नेली. १९४९ पासून 'व्होग'ने पॅरिसच्या नमुन्यांचे कागदी बेत विकायला काढले, आणि ते घरच्या शिवणयंत्रावर बेतता येऊ लागले. अस्तर कसे बसवायचे, हे मग शिवणाऱ्या बाईच्या हाती आले. आकाराचे श्रेय दिओर यांना जरूर द्यावे. तो पेलणाऱ्या कापडाचा आणि टाके घालणाऱ्या हातांचा हिशेब मात्र समीक्षेने अजून मांडायचा आहे.