परमवीर चक्रावरील वज्र

१९१३ साली स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल येथे जन्मलेल्या सावित्रीबाई खानोलकर १९९० साली, वयाच्या ७७व्या वर्षी निवर्तल्या. लष्करी अधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी १९३२ साली विवाह करून त्या मराठी कुळात आल्या. विवाहाने स्त्रीस पतीचा अधिवास कायदा देतो. पुराणांचा वारसा मात्र अभ्यासानेच मिळवावा लागतो. महाराष्ट्रातील संतांवर त्यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिला. तथापि त्यांच्या व्यासंगाची खरी साक्ष आम्हांस १९५० सालच्या परमवीर चक्रात दिसते.

मध्यभागी राजमुद्रा, भोवती चार वज्रे, एवढीच योजना. पदक कांशाचे, आकाराने लहान. वज्र हे इंद्राचे आयुध खरे. परंतु ते घडले दधीचींच्या अस्थींतून. जिंकणाऱ्याच्या हातापेक्षा देह देणाऱ्याचे स्मरण बाईंनी श्रेष्ठ मानले, हेच या रचनेचे मर्म होय.

दोष काढावयाचा तर इतकाच, की कथा न जाणणाऱ्यास ते वज्र केवळ नक्षी वाटेल. पण हा दोष रेखाटणारीचा नव्हे, आमचा. मुधोळनजीकच्या बासर येथे सरस्वतीपुढे आपण मुलांकडून पहिले अक्षर गिरवून घेतो. पुढे दधीचींची ही कथाही त्यांस सांगावी.