पीळ

पोर्चमधल्या शहाबादी फरशीवर, उजव्या चाकाच्या मागं, रुपयाएवढा लाल डाग पडला होता. इंजिन ऑइल काळं असतं, कूलंट हिरवं. लाल म्हणजे पॉवर स्टीअरिंग. खाली वाकून स्टीअरिंग रॅकच्या टोकाचा रबरी बूट चिमटीत दाबला तर आत डचमळलं. त्या बुटात हवा असायला हवी, तेल नव्हे. सील गेलं होतं.

कोल्हापुरात अशा दुखण्यावर उपायांची कमतरता नाही. उद्यमनगरात गाडी न्या, संध्याकाळी रॅक बदलून घ्या. मी मात्र नवा रॅक विकत आणला आणि पोर्चमध्येच दोन घोड्या मांडल्या. पैसे वाचवायला म्हणून नव्हे. पाने, घोड्या आणि तांब्याचे वॉशर घेण्यातच वाचलेले पैसे गेले. स्टीअरिंगचं एक टोक गेली वीस वर्षं माझ्या हातात आहे. दुसरं टोक एकदा बघायचं होतं.

घोड्यांचं आधी सांगतो. जॅक गाडी उचलायला असतो, तिच्याखाली शिरायला नव्हे. पुढचा भाग दोन्ही बाजूंनी घोड्यांवर टेकवला, गाडी हाताने हलवून बघितली, तेव्हाच खाली गेलो. त्याआधी चाकं सरळ करून स्टीअरिंग सीटबेल्टनं आवळून बांधलं. कॉलम खालून मोकळा झाल्यावर कुणी सहज ते गरागरा फिरवलं, तर एअरबॅगच्या गाडीत आतली गुंडाळलेली पट्टी तुटते.

पहिली दाद द्यावीशी वाटली ती बॉल जॉइंटला. रॅकला चाकाशी जोडणाऱ्या टाय रॉडचं टोक चाकाच्या नकलमध्ये, म्हणजे चाक धरणाऱ्या सांध्याच्या डोळ्यात, बसतं ते निमुळत्या खुंटीनं. नट काढला तरी ती ढिम्म हलत नाही, कारण नटाचं काम तिला ओढून बसवण्यापुरतं. धरून ठेवतं ते घर्षण. टॉमी घालून उचकटायला जावं तर रबर फाटतं आणि खुंटी तशीच राहते. करायचं ते एवढंच: नट दोन आट्यांवर ठेवायचा आणि नकलच्या डोळ्याच्या बाजूवर हातोडीचा एक नेमका ठोका द्यायचा. आट्यांवर नाही, बाजूवर. डोळा निमिषभर लंबगोल होतो, पकड सुटते आणि वीस वर्षांची जोडी ‘टक्’ करून वेगळी होते. खुंटा हलवून बळकट करण्याची आपल्याकडे म्हण आहे. हा खुंटा हादरवून मोकळा करायचा. डावीकडे मला तीन ठोके लागले, उजवीकडे एकच. उजवीकडचा आवाज अजून कानात आहे.

टोकं उलगडून काढताना फेरे मोजले: डावीकडे २२, उजवीकडे २१. एक फेरा म्हणजे दीडेक मिलिमीटर, आणि तेवढ्यानं चाकं एकमेकांकडे बघायला लागतात किंवा एकमेकांकडे पाठ फिरवतात. टायर मग लवकरच कडेला खरवडून निघतो. कागद तेलकट झाला असता म्हणून आकडे खडूनं फरशीवरच लिहिले.

मग माझी फजिती झाली. कॉलम आणि रॅक जोडणारा बारका युनिव्हर्सल जॉइंट एका बोल्टनं आवळलेला असतो. तो बोल्ट मी चांगला सैल केला आणि जॉइंट वर ओढायला लागलो. ओढला, ठोकला, शिव्या घातल्या, गंज सोडवणारा फवारा मारला. तासाभरानं समोरच्या गॅरेजमधला पोरगा चहाचा ग्लास घेऊन आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, “काका, बोल्ट पुरा भाईर काढा की. खाचंत बसलेला असतोय त्यो.”

काढला. जॉइंट दोन बोटांनी वर आला.

शाफ्टवर आडवी खाच कोरलेली असते आणि बोल्ट त्या खाचेतून आरपार जातो. म्हणजे बोल्ट कितीही सैल झाला, तरी तो गळून पडेपर्यंत शाफ्ट सुटूच शकत नाही. गगनबावड्याच्या पुढं करूळ घाट उतरताना कधीतरी तो बोल्ट सैल झाला असता, तर हातातलं स्टीअरिंग खडखडलं असतं, पण निसटलं नसतं. माझा तासाभराचा घाम आणि घाटातला माझा जीव, दोन्हींची जबाबदारी त्या एका खाचेवर आहे. ती कोरणाऱ्या माणसाला मी मनातल्या मनात तासभर घातलेल्या शिव्या परत घेतल्या.

एका नटाला मात्र क्षमा नाही. तेल परत डब्यात नेणाऱ्या पाइपचा नट सबफ्रेमच्या मागं असा दडवलाय की पाना एका वेळी घड्याळातल्या तासाएवढाच फिरतो. शेवटी सबफ्रेमचे बोल्ट सैल करून ती दोन इंच खाली घ्यावी लागली. याचं कारण समजतं: कारखान्यात इंजिन, सबफ्रेम आणि रॅक आधी एकत्र जोडतात आणि मग सगळं खालून बॉडीत चढवतात. त्या क्षणी हा नट उघड्यावर असतो. जर्मन कारखान्यांत या टप्प्याला चक्क ‘लग्न’ म्हणतात. घटस्फोटाचा विचार कुणी केलेला नसतो.

चार बोल्ट काढल्यावर रॅक उजव्या चाकाच्या खोबणीतून बाहेर आला, तिरका, वळवून वळवून, अरुंद जिन्यातून कपाट उतरवावं तसा. डिझेलनं पुसून दोन स्टुलांवर टाकलेल्या फळीवर ठेवला. चार फुटांच्या आसपास लांब, सात-आठ किलो वजनाचा. आता वाचन सुरू.

मूळ कल्पना एका ओळीत मावते. दाते पाडलेली पोलादी कांब आणि तिच्यावर बसलेलं छोटं दातेरी चाक. चाक फिरलं की कांब सरकते. या टोकापासून त्या टोकापर्यंत स्टीअरिंगचे सुमारे तीन फेरे, आणि त्यात कांब सरकते जेमतेम चौदा-पंधरा सेंटिमीटर. दात्यांना मागून एक स्प्रिंगवाला ठोकळा दाबून धरतो, म्हणून खड्ड्यात ‘कट् कट्’ होत नाही. १९४८च्या मॉरिस मायनरमध्ये हीच रचना होती, आणि आपल्या मारुती ८००मध्येही. त्यांत मदतनीस नव्हता. जागेवर उभ्या गाडीचं चाक वळवताना दंडात येणारा पीळ हेच त्यांचं पॉवर स्टीअरिंग.

मदत घ्यायची म्हटल्यावर खरा प्रश्न उभा राहतो. तेलाचा पंप हजार पाउंडांच्या वर दाब देऊ शकतो. टायरमध्ये आपण बत्तीस भरतो, त्यावरून अंदाज घ्या. कांबेच्या मधोमध एक चकती बसवलेली असते, तीच पिस्टन. तिच्या ज्या बाजूला तेल जाईल तिच्या विरुद्ध बाजूला कांब ढकलली जाते. एवढा रेडा दारात बांधलाय, ठीक. पण त्याला कळणार कसं की माणसाला किती वळायचंय? पूर्ण वळायचंय, की पुढच्या म्हशीला हलकेच चुकवायचंय?

उत्तर आहे पेन्सिलीएवढ्या जाडीचा एक पोलादी दांडा. टॉर्शन बार. तो बघायचा म्हणून जुन्या रॅकचा वरचा शाफ्ट मी उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याकडून उघडून घेतला. पिन ठोकून काढल्यावर तो बार तळहातावर आला तेव्हा लेथवाला म्हणाला, “एवढाच?”

एवढाच. स्टीअरिंगकडून येणारा शाफ्ट आणि रॅकवरचं दातेरी चाक एकमेकांना थेट जोडलेले नसतात. मध्ये हा बार असतो, वरचं टोक शाफ्टला, खालचं दातेरी चाकाला. तुम्ही स्टीअरिंग वळवता, चाकं रस्त्याला चिकटलेली असतात, म्हणून आधी बार पिळतो. जेमतेम काही अंश. बाराभोवती एकात एक बसलेल्या दोन नळ्या असतात, दोघींवर खाचा. बार सरळ असताना खाचा समोरासमोर असतात आणि पंपाचं तेल नुसती प्रदक्षिणा घालून डब्यात परत जातं. बार पिळला की खाचा सरकतात, एका बाजूची वाट उघडते, दुसरीची बुजते, आणि तेल पिस्टनच्या हव्या त्या बाजूला धावतं. रॅक सरकतो, दातेरी चाक फिरून शाफ्टला गाठतं, बारातला पीळ उतरतो, खाचा पुन्हा समोरासमोर. मदत थांबते.

म्हणजे मदत मागायची ती पिळानं, आणि मदत मिळाली की पीळ जातो. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असं आपण आडमुठ्या माणसाबद्दल म्हणतो. या यंत्रात सगळी मजा उलटी: पीळ दर क्षणी जायला हवा आणि सुंभ लाखो वेळा पिळूनही तसाच राहायला हवा. यंत्रात कुठं बळकटी हवी ते शोधणं त्या मानानं सोपं. कुठं, किती आणि कोणत्या हिशेबानं दुबळेपणा ठेवायचा, हे शोधणाऱ्याची प्रतिभा वेगळी.

त्या दुबळेपणालाही कुंपण आहे. बार काही अंशांपलीकडे पिळू लागला तर शाफ्टवरचे ठोकळे दातेरी चाकाशी पोलादाला पोलाद भिडवतात. पंपाचा पट्टा तुटला, तेल संपलं, तरी गाडी वळते. जड वळते, पण वळते. रेडा मेला तरी मालकाच्या हातात दोरी राहते.

आणि स्वभाव? एकाच पंपाच्या दोन गाड्या हाताला वेगळ्या का लागतात, याचं बरंचसं उत्तर बाराच्या जाडीत आणि त्या खाचांच्या कडा कशा घासल्यात त्यात आहे. जाड बार म्हणजे हात जास्त मागतो, तेव्हा रेडा हलतो. बारीक म्हणजे नुसत्या हुंकारावर. माझ्या गाडीच्या कडा घासणाऱ्यानं मधला थोडा भाग कंजूष ठेवलाय: सरळ रस्त्यावर स्टीअरिंग भारदस्त, पार्किंगमध्ये लोण्यासारखं. वीस वर्षं ज्याला मी ‘गाडीचा हात’ म्हणत होतो, तो त्या काही दशांश मिलिमीटरांत होता.

तेलाच्या मदतीची कल्पना जुनी आहे. फ्रान्सिस डेव्हिस हा अमेरिकन अभियंता पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रकांवर काम केलेला माणूस. १९२६मध्ये त्यानं पिअर्स-ॲरोच्याच एका गाडीत तेलाच्या दाबाचं स्टीअरिंग बसवून दाखवलं. मंदीत मोटारवाल्यांना ते महाग वाटलं, महायुद्धात ते चिलखती गाड्यांत गेलं, आणि विक्रीच्या मोटारीत आलं ते १९५१च्या क्रायसलर इम्पीरियलमध्ये. पुढं १९८०च्या दशकात जनरल मोटर्सच्या अनेक गाड्यांना एक गमतीशीर आजार जडला. सकाळी स्टीअरिंग घट्ट, इंजिन तापल्यावर ठीक. नावच पडलं ‘मॉर्निंग सिकनेस’. व्हॉल्व्हवरच्या मऊ टेफ्लॉनच्या कड्यांनी ॲल्युमिनियमचं घर घासून घासून चर पाडले होते. थंड असताना तेल त्या चरांतून निसटायचं. उपाय म्हणून आत पोलादी अस्तर बसवू लागले.

आता नव्या गाड्यांत बहुतेक तेल नाहीच. १९८८मध्ये सुझुकीनं सेर्वो या छोट्या गाडीत विजेच्या मोटरची मदत आणली. त्यात गळती नाही, पट्टा नाही, इंजिनवर सतत ओझं नाही. मी त्याला नावं ठेवणार नाही. फक्त एक सांगतो: त्या विजेच्या स्टीअरिंगमध्येही बहुधा एक पिळणारा बार असतोच. सेन्सर त्याचा पीळ मोजतो आणि मोटरला कळवतो. पीळ तोच. आधी तो तेल वाचायचं, आता चिप वाचते.

एक जागा अजून सांगायची राहिली, फार बारीक. दोन्ही टोकांच्या बुटांना जोडणारी एक सुतासारखी नळी असते. कांब उजवीकडे गेली की एक बूट दबतो, दुसरा फुगतो. एकाची हवा दुसऱ्याला देण्यासाठी ही नळी. नसती तर रबर दर वळणाला आत शोषलं गेलं असतं. पण याच नळीनं मला फसवलं होतं. सील एकच गेलेलं असताना तेल दोन्ही बुटांत सापडलं आणि दोन्हीकडे बिघाड आहे असं मी समजलो. दमेकऱ्याचा खोकला शेजारच्या खोलीतून ऐकू यावा तसं.

नवा रॅक बसवण्यात वाचनाचा आनंद कमी आणि शिस्त जास्त. आधी जुनं तेल पंपातून पुरतं काढायचं. त्यातली धातूची भुकटी नव्या सीलांना खाते. नव्या रॅकचा मध्य फेरे मोजून गाठायचा. तांब्याचे वॉशर नवे. तेल कोणतं ते डब्याच्या झाकणावर लिहिलेलं तेच, दुकानदार म्हणेल ते नव्हे.

मग हवा काढणं. पुढची चाकं अधांतरी, इंजिन बंद. बायको आत बसून स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवत होती आणि मी डब्यात बुडबुडे बघत होतो.

“अहो, अजून किती वेळा?”

“वीस. टोकाला धरून ठेवू नकोस, लगेच मागं ये.”

बाराव्या फेऱ्यापर्यंत तेल ताकासारखं फेसाळ गुलाबी होतं. अठराव्याला निवळलं, पुन्हा लाल, पारदर्शक. गाडी खाली घेतली. बायकोला म्हटलं, स्टीअरिंग डावीकडे जरा दाबून धर, जोर नको, आणि आता किल्ली फिरव.

इंजिन सुरू झालं आणि ती दचकली. “हे आपोआप हललं!”

आपोआप नाही. तिच्या हातानं बारात साठवलेला पीळ तेलानं ऐकला होता.

दुसऱ्या दिवशी अलाइनमेंट करून घेतलं. यंत्रावरचे आकडे बघून मुलगा खाली गेला, लॉक नट सैल केला आणि लगेच वर आला. “काका, उजवीकडं अर्धा फेरा घेतला. बाकी बरोबर हाय.”

घरी येऊन फरशीवरच्या लाल डागाशेजारी खडूनं लिहिलेल्या २१ पुढं मी अर्धा लिहिला.