कँटॉस चाचणी वाचताना: बाहेर कोण राहिलं?

वय वाढतं तशा रक्तवाहिन्या कडक होतात, त्यांच्या भिंतीत चरबीचे थर साचतात, हे आपण शिकलेलो आहोत. पण नळात गाळ साचावा तसं हे नसतं. भिंतीत शिरलेलं एलडीएल कोलेस्टेरॉल मॅक्रोफेज पेशी गिळतात. त्याचे स्फटिक झाले की या पेशी इंटरल्युकिन-१ बीटा हा दाह वाढवणारा रेणू सोडतात. म्हणजे आपलीच रोगप्रतिकारक यंत्रणा वर्षानुवर्षं मंद आच चालू ठेवते.

पण हा दाह आजाराचं कारण, की नुसता साक्षीदार? २०१७ सालच्या कँटॉस चाचणीचं मोल इथेच आहे. हार्ट अटॅक येऊन गेलेले आणि सीआरपी वाढलेले १०,०६१ रुग्ण तिने घेतले. कॅनाकिनुमॅब हे औषध फक्त तो एकच रेणू अडवतं. १५० मिलिग्रॅमच्या गटात हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण प्लासिबोपेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी घटलं. एलडीएल जवळपास होतं तिथेच राहिलं. त्यामुळे श्रेय दाह कमी होण्यालाच द्यावं लागतं. रचना म्हणून काम देखणं आहे.

आता खोट काढू. एक, इथे झटके मोजले, वाहिन्यांचं म्हातारपण नव्हे. ‘दाह थांबवा, वाहिन्या तरुण ठेवा’ असं कुणी म्हणालं तर ते या पेपरात नाही. दोन, एकूण मृत्यूंत लक्षणीय फरक पडला नाही, उलट जीवघेणे संसर्ग वाढले. तीन, ‘दाह’ ही एकच गोष्ट नाही. पुढच्या सर्ट चाचणीत मेथोट्रेक्सेट दिलं, तेव्हा ना हा रेणू घटला, ना झटके.

चौथा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. टीबी होऊन गेलेल्यांना किंवा टीबीचा धोका जास्त असलेल्यांना चाचणीत घेतलंच नव्हतं. ते योग्यच होतं, कारण शरीरात सुप्त असलेले टीबीचे जंतू रोगप्रतिकारक यंत्रणाच दाबून ठेवते. तरीही चाचणीदरम्यान टीबीच्या सहा केस निघाल्या, त्यातल्या पाच भारतातल्या. औषध आणि प्लासिबो गटांत प्रमाण सारखंच होतं, तेव्हा सहा केसवरून औषधाला दोष देता येत नाही. पण चाळणी लावूनही त्या कुठे निघाल्या, ते बघा. आमच्या घोडपदेवहून शिवडीचं टीबी हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर आहे. इथल्या दाटीच्या चाळींत साठी ओलांडलेल्या, हार्ट अटॅक येऊन गेलेल्या किती जणांना या चाचणीत प्रवेश मिळाला असता?

म्हणून पेपर हातात घेतलात की निष्कर्षाआधी वगळण्याचे निकष वाचा. मुलाखतीत ‘या अभ्यासाची मर्यादा सांगा’ असं विचारलं, की बहुतेक जण ‘सॅम्पल लहान होतं’ म्हणून मोकळे होतात. इथे सॅम्पल दहा हजारांचं होतं. मर्यादा आकड्यात नव्हती, दारात होती.