छडीमागचा कान : झुबिन मेहता आणि इटालियन ऑपेरा

वाद्यवृंदाच्या संचालकाकडून मैफलीभर एकही स्वर उमटत नाही. शंभर वादक वाजवीत असतात, गायक गात असतात, आणि हा गृहस्थ श्रोत्यांकडे पाठ करून हातातील छडी हलवीत असतो. अशा कलावंताचे मोठेपण कशावरून ठरवावे? झुबिन मेहता यांच्याविषयी आपण भारतीयांनी हा प्रश्न फारसा विचारलाच नाही. ते मुंबईचे, परदेशात आयुष्य गेले तरी भारताचे नागरिकत्व त्यांनी सोडले नाही, १९६६ साली ते पद्मभूषण आणि २००१ साली पद्मविभूषण झाले, एवढ्यावर आपला अभिमान तृप्त झाला. त्यांचे संगीत मात्र ऐकायचे राहून गेले.

त्यांचा जन्म १९३६ चा. वडील मेहली मेहता हे व्हायोलिनवादक आणि १९३५ साली स्थापन झालेल्या बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्राचे संस्थापक. शिक्षण माझगावच्या सेंट मेरीज शाळेत आणि पुढे सेंट झेवियर्स महाविद्यालयात, म्हणजे येशूसंघीय धर्मगुरूंच्या छायेत. वैद्यकीचा मार्ग सोडून १९५४ साली हा तरुण व्हिएन्नाला गेला, हान्स स्वारोव्स्की यांचा शिष्य झाला. १९५८ साली लिव्हरपूलची संचालन-स्पर्धा त्याने जिंकली आणि नंतरची चढण विलक्षण वेगाने पार केली : माँट्रियल, लॉस एंजलिस, न्यूयॉर्क, इस्रायल. ही नामावळी सर्वांना परिचित आहे. तिच्यात एक नाव बहुधा घाईने उच्चारले जाते, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते खरे महत्त्व त्यालाच आहे. ते म्हणजे फ्लॉरेन्स. तेथील 'माज्जो म्युझिकाले' या संस्थेचे मेहता १९८५ पासून २०१७ पर्यंत प्रमुख संचालक होते. वेर्दी आणि पुच्चिनी ज्यांच्या घरचे, त्या इटालियन लोकांनी आपला ऑपेरा बत्तीस वर्षे एका मुंबईकर पारशाच्या हाती सोपविला.

ऑपेराचे संचालन आणि सिंफनीचे संचालन या दोन निराळ्या विद्या आहेत. सिंफनीत संचालक सांगतो आणि वादक ऐकतात. ऑपेरात मात्र त्याला सतत गायकाचे ऐकावे लागते. गायकाला श्वास कोठे अपुरा पडतो, तार स्वरावर तो किती रेंगाळणार, हे क्षणभर आधी ओळखून साऱ्या वाद्यवृंदाला त्याच्यासाठी थांबवावे लागते, आणि तरीही लय ढळू द्यायची नसते. आपल्या नाशिकच्या धर्मग्रामांत गायकवृंद सांभाळणाऱ्या कोणालाही याची अल्पशी कल्पना असेल. गाणारे एका गतीने निघतात, ऑर्गन दुसऱ्या गतीने, आणि मधला माणूस घामाघूम होतो.

या विद्येची सर्वांत कठीण परीक्षा मेहतांनी १९९२ साली रोममध्ये दिली. पुच्चिनीच्या 'तोस्का'चे कथानक १८०० सालच्या रोममधील तीन प्रत्यक्ष स्थळी घडते : सांत आंद्रेया देल्ला वाल्ले हे ख्रिस्तमंदिर, फार्नेसे प्रासाद आणि सांत आंजेलोचा किल्ला. त्याच स्थळी, कथेतील त्याच प्रहरी, दूरचित्रवाणीवर थेट प्रक्षेपण करण्याचे धाडस ठरले. गायक ख्रिस्तमंदिरात, आणि संचालक व वाद्यवृंद दूरच्या स्टुडिओत! गायकांना मेहता दिसत ते पडद्यावर, आणि मेहतांना गायक दिसत तेही पडद्यावरच.

पहिल्या अंकाचा शेवट 'ते देउम'ने होतो. लढाई जिंकल्याच्या खोट्या वार्तेवर ईश्वराचे आभार मानण्यासाठी मिरवणूक वेदीकडे निघते. दोन स्वरांच्या घंटा अखंड घुमत राहतात, मधूनमधून तोफ धडाडते, लोक लॅटिन प्रार्थना म्हणतात. आणि त्याच गर्दीत उभा असलेला पोलीसप्रमुख स्कार्पिया एका स्त्रीला जाळ्यात ओढण्याचे मनसुबे रचीत असतो. प्रार्थना आणि वासना एकाच ठेक्यावर चालतात. येथे संचालकाने घाई केली तर प्रसंग नुसता गोंगाट होतो, आणि रेंगाळला तर मिरवणूक लंगडते. मेहता घंटांची लय जराही हलू देत नाहीत. तिच्यावर रुज्जेरो राइमोंदी यांचा स्वर मोकळा फिरतो, वाद्यवृंद मापाने चढत जातो, आणि समुदायगान उसळते तेव्हा अंगावर काटा येतो. भव्यता आहेच, पण तिच्या मुळाशी कानांची शिस्त आहे.

त्याहून जुना पुरावा हवा असेल तर १९७२ चे 'तुरान्दोत'चे ध्वनिमुद्रण ऐकावे. जोन सदरलँड, पाव्हारोत्ती, काबाये असे बलाढ्य गायक आणि लंडन फिलहार्मोनिक. पितळी वाद्यांचा झळाळ प्रथम लक्ष वेधतो, हे खरे. परंतु लिऊ या दासीच्या मृत्यूनंतरचा भाग ऐका. जमाव तिचे शव घेऊन निघतो आणि वाद्यवृंद विझत्या दिव्यासारखा मंद होत जातो. पुच्चिनीने स्वतःच्या हाताने पुरे केलेले संगीत येथवरच आहे. १९२६ साली मिलानमधील पहिल्या प्रयोगात तोस्कानीनी यांनी याच ठिकाणी छडी खाली ठेवली होती. मेहता तेथे आपले अस्तित्वच जाणवू देत नाहीत.

न्यूयॉर्कच्या समीक्षकांनी १९७८ ते १९९१ या काळात त्यांच्यावर वारंवार आक्षेप घेतला : चकाकी पुष्कळ, खोली कमी. हा आक्षेप सर्वस्वी खोटा म्हणता येत नाही. समोर गायक नसला की मेहतांचा नाद कधीकधी स्वतःवरच खूश होतो. १९९० साली रोममध्ये तीन टेनर गायकांची जी मैफल झाली, तिने त्यांना घराघरांत नेले खरे, पण तेथे संचालकाचे काम जवळपास यजमानाचे होते. ध्वनिक्षेपक आणि टाळ्या यांच्यामध्ये ऐकण्यासारखे सूक्ष्म काही उरतच नाही. बीजिंगच्या निषिद्ध नगरीत १९९८ साली झालेला 'तुरान्दोत'ही डोळ्यांना अधिक आणि कानांना कमी देतो. दुर्दैव असे की, आपल्याकडे मेहतांची ओळख याच भव्य सोहळ्यांवरून झाली.

मुंबईत २००६ साली सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला. २०२३ साली, वयाच्या सत्याऐंशीव्या वर्षी, मेहतांनी त्याचे संचालन केले. तोवर ते बसून संचालन करीत असत आणि हातांची हालचाल पूर्वीच्या मानाने फारच थोडी उरली होती. मनगट किंचित वळे, डाव्या हाताची बोटे उघडत, आणि नजर व्हायोलिनवादकांकडून सनईच्या कुळातील ओबोवादकाकडे जाई.