शाईची सहाण

देवघरातली सहाण ज्यांनी रोज ओली केली आहे, त्यांना चिनी शाईशिळा समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. चंदनाच्या खोडाऐवजी काजळी आणि सरस यांची वडी, गंधाऐवजी शाई. वडी पाण्यात उगाळायची, शाई उतारावरून खळग्यात जमली की कुंचला बुडवायचा. कागद, कुंचला, शाई आणि शिळा ही चिनी अभ्यासिकेची चार रत्नं. पहिली तीन वापरून संपतात, शिळा उरते. म्हणून तर मालकांनी तिच्या पाठीवर आपली नावं आणि कविता कोरवून घेतल्या.

तिची खरी किंमत दगडात आहे. ग्वांगतुंग प्रांतात चाओछिंगजवळ मिळणारा जांभळट त्वान दगड तांग काळापासून नावाजलेला. शे दगड वुयुआनजवळच्या लुंगवेई डोंगरातला. दगड हाताला मऊ लागावा, तरी वडी त्यावर नुसती घसरू नये, इतकी बारीक धार त्याच्या कणांत हवी. सुंग काळातला चित्रकार मी फू (१०५१–११०७) याने शिळांवरच्या ग्रंथात क्रम स्पष्ट लावून दिला: शाई कशी उतरते ते आधी, रंग त्यानंतर, घडण त्याच्याही नंतर.

हा क्रम जुन्या कारागिरांनी पाळला. अठराव्या शतकाच्या आरंभी सूचौमध्ये गू अर्न्यांग ही स्त्री शिळा कोरत असे. सासरचा हा धंदा नवऱ्याच्या मृत्यूनंतर तिने सांभाळला आणि बड्या संग्राहकांनी आपले दगड तिच्या हाती दिले. तिचं नाव कोरलेल्या शिळा पुढे इतक्या निघाल्या की खरी कोणती हे ठरवणं अभ्यासकांना आजही जड जातं. छ्यानलुंग बादशहाने १७७८ मध्ये दरबारी शिळांची सचित्र सूची करवली आणि कितीतरी शिळांवर स्वतःच्या कविता कोरवल्या. मला त्या कवितांची गर्दी खटकते. ती दगडाला बोलू देत नाही.

आज ही गर्दी फारच वाढली आहे. त्वान आणि शे शिळा घडवण्याच्या कला २००६ मध्ये चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारसा यादीत आल्या. कारागिरांचा हात कसबी आहे, यात शंका नाही. त्वान दगडातल्या फिकट गोल ‘डोळ्या’चा चंद्र करण्यातली त्यांची नजर दाद देण्याजोगी आहे. पण बाटलीतली शाई आल्यापासून उगाळणारे हात कमी झाले आणि शिळा दिवाणखान्यात गेली. मग टेबलाएवढे दगड, त्यांवर ड्रॅगन, देवदार, अख्खे डोंगर. शाई उगाळायची जागा कोपऱ्यात नावापुरती. याला मी उत्तम शिल्प म्हणेन, शाईशिळा म्हणणार नाही.

तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात किंवा आणखी कुठे जुनी शिळा पाहायचा योग आला, तर कडेच्या कोरीव कामावर लगेच थांबू नका. आधी मधला सपाट, रिकामा भाग नीट पाहा.